दहातले नऊ

शहापूर, २४ जून २०२५

आत्या,

लांबूनच पाया पडतो. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण तुझ्या पाड्यात रेंज नाही, आणि गोजरच्या धाब्यावर येऊन फोन घेतलास की तिथल्या ट्रकवाल्यांसमोर मला झापतेस.

एक काम आहे. आमची कंपनी तुला माहीत आहे. एसटी स्टँडमागची गाळ्यावरची खोली, तीन टेबलं, मी, चित्रं काढणारी कुणाली आणि मालक प्रणित सर. आम्ही जो गेम केला त्याचं नाव 'शिवार'. चाळीस माणसं आपापल्या घरी बसून मोबाइलवर एकाच वेळी एका खाचरात उतरतात आणि भाताची आवणी करतात. दर मिनिटाला सगळ्यात मागे राहील तो बाद. शेवटी उरेल तो शिवारसम्राट. चिखलाचा आवाजसुद्धा खरा आहे. मी आणि कुणाली भातसानगरच्या रस्त्याला तासभर चिखलात पाय आपटत होतो.

तरीही लोक टिकत नाहीत. आज दहा जण खेळले की उद्या त्यातला एकच परत येतो. काल तपासलं, तर तो एक म्हणजे आमची आई. तिला वाटतं ती गेममध्ये गेली की माझी हजेरी लागते.

सरांनी मुदत दिली आहे. एकतीस ऑगस्टपर्यंत दहातले चार परत येऊ लागले पाहिजेत. नाहीतर 'शिवार' बंद, आणि मीही घरी. दादांनी वाशिंदच्या एका गोदामात माझं नाव लावूनही ठेवलंय. एक सप्टेंबरपासून खोक्यांना चिकटपट्टी लावायची.

मला वाटतं, गेम पुरेसा खरा झालेला नाही. म्हणून तू मला नीट लिहून कळव. एका चुडात रोपं किती, दोन चुडांत अंतर किती, पाठ किती वेळाने दुखते. मला यातलं काही येत नाही, कारण आवणीच्या दिवसांत मी परीक्षेचा अभ्यास काढून बसायचो. जुलैत कसली परीक्षा, हे तू तेव्हा विचारलं नाहीस, आता विचारू नकोस.

तुझा
धनेश


टोकावडे, ३० जून

धनेश,

आशीर्वाद आहेच, तो मागावा लागत नाही. पत्र मात्र रागाचं आहे, तेव्हा बसून वाच.

एका चुडात तीन-चार रोपं. अंतर एक वीत. पाठ वाकल्याबरोबर दुखते. झाली तुझी माहिती. आता तू जे विचारलं नाहीस ते सांगते.

परवा धाब्यामागे, जिथे रेंज येते, तिथे बसून शेजारच्या अनिताच्या फोनवर तुझं 'शिवार' खेळले. एका मिनिटात बाद. पडदा काळा झाला, एक रडका बैल आला, आणि खाली अक्षरं उमटली, 'पुन्हा प्रयत्न करा'. मी एकतीस वर्षं वाचनालय चालवलं. पुस्तक हरवून आलेल्याशीसुद्धा इतकं तुटक बोलले नाही. पुढच्या डावात अनिता बाद झाली. आम्ही दोघींनी भजी मागवली आणि तुझ्यापेक्षा गोजरने आम्हाला जास्त आनंद दिला.

दहातला एकच परत येतो म्हणून तू कपाळाला हात लावून बसलास. अरे, तुझ्या खेळात चाळीस माणसं येतात. एक सम्राट होतो, एकोणचाळीस काळ्या पडद्यासमोर एकटी बसतात. ती उद्या कशाला येतील? त्या बैलाची विचारपूस करायला? जिंकणारा कुठल्याही खेळात खूश असतो, त्यात खेळ करणाऱ्याची काही कर्तबगारी नाही. हरणाऱ्याला तू काय देतोस ते सांग. हुतूतूत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, पण त्याचा जीव मैदानातच असतो. आपल्या गड्याने समोरचा एक मारला की हा उठून पुन्हा आत जाणार असतो. ज्यांनी हा नियम केला त्यांना कॉम्प्युटर माहीत नव्हता, माणूस माहीत होता.

आणि आवणीत कोणाला बाद करतात रे? आवणीत कोंडतात. तू कधी बघितलं नाहीस म्हणून लिहिते. बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत लावत जातात. जिचा हात मंद, तिच्या दोन्हीकडच्या पटापट मागे निघून जातात आणि जाता जाता तिच्या पाठीमागची जागाही लावून टाकतात. बाई मान वर करून बघते तर चारी बाजूंनी रोपं आणि मध्ये घोंगडीएवढ्या चिखलात ती उभी. रोप तुडवायचं नाही, हा नियम. सुटायचं कसं? तिथून बोलून कोणालातरी हसवायचं. जी पहिली हसेल तिने हात देऊन हिला उचलून काढायचं. बहुतेक वेळा दोघीही चिखलात पडतात.

आमच्यात कोंडण्यात पहिली बुधी, आणि कोंडून घेण्यात पहिली मी. सलग बावीस वर्षं. पुढच्या साली जाऊ नये असं एकदाही मनात आलं नाही. यावर विचार कर आणि त्या बैलाला सोडून दे.

तुझी
काशीआत्या


शहापूर, ९ जुलै

आत्या,

बैल काढला. कुणालीला वाईट वाटलं, तिने त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर दोन दिवस घातले होते.

तुझं कोंडणं घातलं. आता कोणी बाद होत नाही, मागे राहिलेला रोपांत अडकतो, आणि लिहून किंवा बोलून त्याने कोणाला हसवलं की हसणारा त्याला हात देऊन काढतो. आम्ही आठ दिवस नीट झोपलो नाही. निकाल ऐक. पहिल्या दिवशी दहातले दोन परत आले. पुढच्या दिवशीही दोन. त्यातली एक आई.

म्हणजे तुझं म्हणणं चुकलं असं मी म्हणत नाही, पण ते खाचरात चालतं, मोबाइलवर चालत नाही. मोबाइलवरच्या माणसाला दम नसतो. म्हणून प्रणित सरांनी एक सोय करून दिली. कोंडलेल्या माणसाला हसवत बसायचं नसेल तर त्याने तीस सेकंदांची जाहिरात बघायची, की तो आपोआप सुटतो. सध्या केसांच्या तेलाची आहे. तरी लोक तेवढीही बघत नाहीत आणि निघून जातात.

दादा मला गोदाम दाखवायला घेऊन गेले होते. तिथल्या साहेबांनी चिकटपट्टी कशी फाडायची ते शिकवलं. माझा हात चांगला आहे म्हणाले.

धनेश


टोकावडे, १७ जुलै

धनेश,

आवणी चालू आहे. बोटांच्या बेचक्या कुजल्यात, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र मी बांधावर बसून बायकांना वाचून दाखवलं. कोंडलेल्या बाईला तेलाची जाहिरात येऊन सोडवते, हे ऐकून अनिता चिखलातच बसली. बुधी मला म्हणाली, "काशे, तेल लावून बाई सुळकन सटकते का गो?" त्यावर कोणीतरी तुझ्या मालकाबद्दल बोललं ते लिहीत नाही.

अरे, तू माणसाच्या हातातला हात काढून घेतलास आणि वर विचारतोस की गंमत कुठे गेली? कोंडलेली सुटते याला काही अर्थ नाही. तिला कोणीतरी काढतं, याला अर्थ आहे. काढणारीला वाटतं, हिला माझी गरज लागली. निघणारीला वाटतं, मी नसते तर या हसल्या नसत्या. या दोन गोष्टी तू तीस सेकंदांच्या तेलात बुडवल्यास. ज्या कोणाच्या डोक्यातून ही सोय निघाली त्याने जन्मात कोणाचा हात धरून उडी मारलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या मालकाला हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव.

आणखी एक. तुझ्या खाचरात रोज नवी चाळीस माणसं. अनोळखी माणसाची चेष्टा कोण करील? आमच्याकडे त्याच बायका असतात, कारण आमची सावड असते. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या अनिताच्या, परवा बुधीच्या. आज माझं लावून झालं म्हणून मी उद्या घरी बसले तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. तू लोकांना परत बोलावण्यासाठी काय करतोस? फोन थरथरवतोस. त्यापेक्षा त्यांना सांग की उद्या अमक्याच्या शेताची पाळी आहे आणि काल तो तुझ्या शेतात राबला होता. खेळ विसरला तरी चालतो माणसाला, हे विसरून चालत नाही.

बुधी यंदा खाचरात उतरली नाही. गुडघा गेला, डॉक्टरने वाकायला बंदी केली. दिवसभर बांधावर बसून आमच्या चुका ओरडून सांगते आणि कोणाला कोंडायची संधी गेली की मांडीवर थाप मारून हळहळते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचे पाय कोरडे आहेत. तिच्याकडे बघवत नाही.

काशीआत्या


शहापूर, ५ ऑगस्ट

आत्या,

आधी एक कबुली. तेलाची सोय प्रणित सरांची नव्हती, माझी होती. तुझं ते वाक्य मी माझं मलाच वाचून दाखवलं. जाहिरात त्याच दिवशी काढली, सरांना न विचारता.

सावडही घातली. आता तीच चाळीस माणसं रोज दुपारी एक वाजता भेटतात, आज एकाचं शेत, उद्या दुसऱ्याचं. तुझ्या पाड्यातल्या बारा जणी, बाकीचे वाशिंद, कल्याण, मुरबाडचे, दोघे भातसा धरणावरचे. पाळ्यांची यादी त्यांची ते ठरवतात, आम्ही त्यात हात घालत नाही.

आता निकाल. दहातले सहा परत येतात. सहा, आत्या. कुणालीने तीनदा मोजलं आणि मग बाहेर जाऊन वडापाव घेऊन आली.

पण दुसरा निकाल भयंकर आहे. कोणी आवणीच करत नाही. मुद्दाम हात मंद ठेवतात आणि कोंडून घेतात, कारण सगळ्या गप्पा तिथे. गुरुवारी चाळीस माणसं दीड तास खाचरात होती आणि जेमतेम एक वाफा लागला. तुमची अनिता तीन दिवस रोज आल्याआल्या कोंडून घेते आणि सुटायला तयार नाही. म्हणते, इथे वारा चांगला लागतो. 'बांधावरची' नावाची कोणी आहे, तिने एकटीने दोनशे बारा वेळा लोकांना कोंडलंय. धरणावरच्या साहेबाला तिने असं कोंडलं की त्याने आपल्या बदलीची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कुठे ती हसली.

हे सरांनी बघितलं. म्हणाले, याला गेम म्हणतात की चावडी? सहाच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांना वाटतं मी आईसारखी माणसं गोळा केलीत. वीस ऑगस्टला ते स्वतः नाव बदलून खाचरात उतरणार. गोंधळ दिसला तर मुदतीची वाट न बघता त्याच दिवशी बंद करणार.

म्हणून पाया पडून सांगतो, बायकांना समजाव. एक दिवस, फक्त एक दिवस, गप्प राहून भराभर लावा. कोणी कोणाला कोंडू नका. आणि ती बांधावरची कोण आहे माहीत असेल तर तिला म्हणावं, वीस तारखेला विश्रांती घ्या.

धनेश


टोकावडे, ११ ऑगस्ट

धनेश,

बांधावरची म्हणजे बुधी, हे तुला कळायला हवं होतं. सुनेचा, दिपालीचा फोन घेऊन धाब्यावर बसते. गोजरने तिच्यासाठी खुर्ची आणि पायाखाली ठेवायला पाट आणून ठेवलाय.

तुझा निरोप धाब्यावर वाचून दाखवला. मला तो अजिबात पटला नाही, हे तिथेच बोलले आणि इथेही लिहिते. शाळेत साहेब तपासणीला येणार म्हणून पोरांना हाताची घडी घालून बसवतात आणि साहेब समजतो की शाळा अशीच असते. तू तुझ्या खेळाची तीच गत करतोयस. सहाचा आकडा ज्या गोंधळाने आणला तोच गोंधळ लपवायला निघालास. साहेबाला जर मेलेला खेळ दाखवलास, तर त्याने तो पुरला म्हणून रडू नकोस.

पण बायका माझ्यासारख्या नाहीत. अनिता म्हणाली, "पोर आपला हाय. त्याची नोकरी जायची तर आमी एक दिवस तोंडाला कुलूप लावू." सगळ्यांनी माना हलवल्या. बुधीने फक्त तो कुठल्या नावाने येणार, एवढं विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

काशीआत्या


शहापूर, २२ ऑगस्ट

आत्या,

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

वीस तारखेला एक वाजता सर माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले. नाव घेतलं होतं 'पाहुणा'. खाचरात चाळीस माणसं, आणि आवाज कोणाचाच नाही. सगळी यंत्रासारखी लावत होती. सतरा मिनिटांत अर्ध्याहून जास्त शेत हिरवंगार. अनितासुद्धा मोकळी होती. मी मनात तुझे आभार मानत होतो.

सरांनी दोन जांभया दिल्या. म्हणाले, "धनेश, हे तर आपण जूनमध्ये केलेलंच आहे. फक्त बैल नाही." मग चहा मागवला आणि खिडकीशी उभे राहून पिऊ लागले. मला वाटलं, संपलं. तुझं पत्र डोळ्यांसमोर आलं आणि लाजही वाटली.

ते परत येऊन बसले तर पाहुणा कोंडलेला. चारी बाजूंनी रोपं, इतकी दाट की कुणालीने हळूच म्हटलं, चित्र फाटेल. खाली अक्षरं आली.

"कोण रे तू पाहुण्या? हात हालतात का नाय?"

बांधावरची.

सरांनी सगळी बटणं दाबून बघितली. मग मला विचारलं, जाहिरात कुठे गेली. मी सांगितलं, काढली. ते म्हणाले, मग तू मला सोडव. आत्या, माझ्याकडे तशी कळ आहे. एक बटण दाबलं की कोणीही सुटतो. माझं बोट त्यावर होतं. नोकरी, गोदाम, दादा, सगळं त्या बोटापाशी येऊन थांबलं होतं. मी हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "सर, हसवावं लागतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की कुणालीने आपली बॅग भरायला घेतली. पण मग त्यांनी मोबाइलवर आलेला एक विनोद टाकला. बुधीकाकू म्हणाली, हा आमच्या गोजरने गेल्या साली सांगितला. दुसरा टाकला. हा नवऱ्यासमोर सांगण्यासारखा नाय. तोवर अनिताचं कुलूप निघालं होतं. एकेक जण काम टाकून जमा झाला. कोणी विचारतंय पाहुणा जेवला का, कोणी म्हणतंय त्याला रात्रभर ठेवा, बगळे तेवढे हाकलेल. सरांच्या कपाळावर घाम. शेवटी त्यांचा तोल गेला आणि त्यांनी लिहिलं,

"बाई, मी या शेताचा मालक आहे."

मग जे झालं ते मी आयुष्यात ऐकलेलं नाही. चाळीस माणसं आपापल्या गावी हसत होती. चिखलात गुडघाभर रुतलेला, चारी बाजूंनी कोंडलेला माणूस सांगतोय, मी मालक आहे. धरणावरचे साहेब म्हणाले, मीही परवा असाच मालक होतो. बुधीकाकूने लिहिलं, "ये मालका, धर हात." आणि त्यांना काढलं. कुणालीने चित्र असं केलंय की काढणारी आणि निघणारा दोघेही पडतात. दोघेही पडले.

सर उठले, लॅपटॉप मिटला आणि निघून गेले. काल ऑफिसला आले नाहीत. आज आले नाहीत. मुदतीला नऊ दिवस आहेत आणि दादा विचारतायत, गोदामाला नक्की काय कळवू. मला कळत नाही, त्यांना काय सांगू.

तू बरोबर होतीस, एवढं मात्र लिहून ठेवतो.

धनेश


टोकावडे, २५ ऑगस्ट

धनेश,

तुझे सर ऑफिसला येत नाहीत, पण खाचरात येतात. एकवीस तारखेपासून रोज एक वाजता. पाहुणा हेच नाव. तू मोजणारा माणूस, तुला हे दिसलं नाही याचं आश्चर्य वाटतं. तू डोळे मिटून बसला होतास की काय?

हात अजून मंद आहे. रोज कोंडला जातो. परवा अनिताच्या शेतात, काल मुरबाडच्या एका मास्तरांच्या, आज माझ्या. आज त्याने मला हात देऊन काढलं. लहानपणी आजोळी चिखलात पाय घालायला लागू नये म्हणून पोटदुखीचं सोंग करायचो, असं त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, आमच्या घरात एक जण परीक्षेचं करायचा.

आता नीट वाच. आज दुपारी त्याने बुधीला विचारलं, माझ्या शेताची पाळी कधी. बुधीने यादी बघितली. मध्ये गणपती, मग आधीच्या लोकांच्या पाळ्या. म्हणाली, एक सप्टेंबरला. त्याने विचारलं, "सगळे याल ना?"

बुधी म्हणाली, "आमी येऊ रे. आमी कोणाच्या शेतात राबून घेतलं आन पाळीला गेलो नाय असं झालं नाय कधी. पण म्हणतात, एकतीसला हा गाव उठायचा हाय. खरं का, मालका?"

खाचरात कोणी हललं नाही. इथे धाब्यावर गोजरनेसुद्धा झारा हातात धरून ठेवला. मला वाटलं आपण काहीतरी बोलावं, चार वाक्यं जिभेवर तयारही होती, पण बुधीने माझ्याकडे बघितलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

त्याने लिहिलं, "नाही उठणार."

बुधी म्हणाली, परत लिही, मागच्यांना दिसलं नाय. त्याने परत लिहिलं. धरणावरच्या साहेबांनी ते वाचून दाखवलं आणि मग सगळे पुन्हा वाकले.

रविंद्रला, तुझ्या दादांना, मी कळवते, तू मध्ये पडू नकोस. बुधीने यादीत तुझंही नाव घातलंय. तीन सप्टेंबर. त्याआधी रोज दुसऱ्यांच्या शेतात हात लावावा लागेल आणि ती तुला सोडणार नाही, तिने तसं बजावलंय. पत्र मिळेल त्या दिवशी एक वाजता ये.

काशीआत्या